दादांचा पणतीचा बिल्ला सापडला आणि... (तुम्हाला काय खटकतं? अनुभव लिहा)

जुना_वाडा

काल माळा आवरायला काढला होता. चिवड्याच्या जुन्या डब्यात दादांचा बिल्ला सापडला. पितळी, रुपयाएवढा, वर पणती. तरुण मंडळींसाठी सांगतो, पणती ही जनसंघाची निशाणी. दादा म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. प्रत्येक निवडणुकीत चुना आणि गेरू घेऊन रात्री भिंती रंगवायचे, निकालाच्या दिवशी बहुतेक वेळा डिपॉझिट गेल्याचं ऐकून घरी यायचे, पाय धुवायचे, जेवायचे आणि सकाळी पुन्हा शाळेत हजर. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याखाली, आत गेले तेव्हा मी सातवीत होतो. आईने पापड लाटून घर चालवलं. दोन ओळी लिहून दे, सुटशील असं मामा सांगायला गेले होते, दादांनी लिहून दिलं नाही.

५७ साली मावळातून जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आमदार म्हणून निवडून आले होते, ते केलेल्या कामाचा अहवाल छापून मतदारांना द्यायचे. दादांनी ते अहवाल पोथीसारखे कापडात बांधून ठेवले होते.

मी आजही त्याच विचारांचा आहे. देव, देश, घर, काटकसर आणि दिलेला शब्द, मला ह्यात काही जुनाट वाटत नाही. म्हणूनच जास्त लागतं. २०१९ च्या २३ नोव्हेंबरला सकाळी उठून टीव्ही लावला तर शपथविधी झालेला, आणि तीनेक दिवसांत ते सरकार गेलंसुद्धा. मग २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा. ज्यांच्या विरोधात आम्ही उन्हातान्हात मोर्चे काढले त्यांच्याच स्वागताला या म्हणून आता फोन येतो. मी गेलो नाही. हे बघायला दादा नव्हते ह्याचं त्या दिवशी बरं वाटलं, आणि असं वाटलं ह्याचंच नंतर रडू आलं.

रोजचंही तेच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. पस्तीस वर्षं तिथे खातं आहे. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली काका ॲपवर चेहरा स्कॅन करा. अगं मी तुझ्यासमोर उभा आहे ना, जिवंत आहे, बघ की माझ्याकडे. तिचाही दोष नाही, तिला तसंच शिकवलंय.

तुम्हालाही असं काही आत टोचत असेल तर लिहा. राजकारणातलं असो नाहीतर घरातलं.

स्वरालीची_आई

काका आधी एक सांगते, तो बिल्ला चिंचेने किंवा पावडरने घासू नका हं. माझ्या सासूबाईंचा देव्हाऱ्यातला जुना टाक मी हौसेने लख्ख केला आणि त्यावरचं नाकडोळेच गेले. नुसत्या सुती फडक्याने पुसा. बाकीचं रात्री लिहिते, कुकर लावलाय

पेडण्याचा_मंगेश

आमच्या गोव्याचं ऐका. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात नेलं, चर्चमध्ये नेलं, दर्ग्यात नेलं, पक्ष सोडणार नाही अशी शपथ घातली. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यातले आठ भाजपमध्ये. आठच का, तर पक्षांतरबंदीतून सुटायला दोन तृतीयांश लागतात आणि अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, म्हणजे किमान आठ हवेत. मी स्वतः भाजपचा मतदार, पण त्या दिवशी मला आनंद झाला नाही. महालक्ष्मीसमोर हात जोडून घेतलेली शपथ मोडून आलेला माणूस उद्या माझ्या पक्षाशी तरी कसा राहील? आमच्याकडे देवाला कौल लावून माणसं शेताचे बांध ठरवतात हो. आजी असती तर म्हणाली असती, ह्यांच्या घरचं पाणी पिऊ नका.

वकीलसाहेब_निवृत्त

पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. २००३ ला ९१ वी घटनादुरुस्ती करून ते काढलं, आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन झाल्यास. म्हणजे एकट्याने पळालात तर अपात्र आणि जमावाने पळालात तर माफ. माझं मत स्पष्ट आहे, ज्याला पक्ष सोडायचा त्याने राजीनामा द्यावा आणि लोकांसमोर परत जावं. आकड्याची पळवाटच नको.

अनु_डोंबिवली

+१००

गंधाली_के

मला राजकारणाचं फार नाही कळत पण जुना_वाडा काका तुमच्या आईंबद्दल अजून लिहा ना. मिसाबंदींच्या घरच्या बायकांबद्दल कोणीच लिहीत नाही. माझी आत्या तेव्हा गरोदर होती आणि काका आत, शेजारचे बोलायचे बंद झाले होते म्हणे, दूधवाला तेवढा महिन्याचा हिशोब न विचारता दूध घालायचा

सदाशिव_पुणे३०

आमच्या महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चला संपली आणि निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. ड्रेनेज तुंबलं की आम्ही कोणाकडे जायचं? आणि आता झाली निवडणूक तर एका प्रभागात चार नगरसेवक, चार मतं द्यायची. पूर्वी आमचे नगरसेवक सकाळी सात वाजता स्कूटरवर फिरायचे, कोपऱ्यावर चहा प्यायचे, तिथेच आम्ही त्यांना धरायचो. पक्ष माझा नव्हता त्यांचा, पण माणूस सापडायचा. आता चौघांपैकी ज्याला फोन करावा तो म्हणतो ते काम दुसऱ्यांकडे आहे. फ्लेक्सवर मात्र चौघंही आहेत, माझ्या खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड त्या फ्लेक्समागे गेलंय.

भाकरतुकडा

मी पण जुन्या विचारांचाच पण एक बोलतो, कोणी रागावू नका. फुकट पैसे वाटणं सगळ्याच पक्षांनी चालू केलंय ते मला अजिबात पटत नाही. लाडक्या बहिणीला महिना १५०० दिले, आणि माझ्या गावात ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. माणसाला काम द्या, शाळा द्या, दवाखाना द्या. दान घेऊन कोणाचं घर उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

स्वरालीची_आई

भाकरतुकडा, ह्यावर मात्र मी भांडणार. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नवरा पितो, त्यांच्या हातात स्वतःचे म्हणून पैसे कधी नव्हतेच. पहिल्या पैशांतून त्यांनी बीपीच्या गोळ्या आणल्या आणि मुलीला चष्मा केला. चार घरची भांडी त्या आजही घासतात, काम नाही सोडलं. तुमच्या गावात मजुरी किती देता ते पण सांगा

भाकरतुकडा

ताई मजुरी बाईला तीनशे, गड्याला पाचशे. चष्म्याचं वाचून बरं वाटलं. तत्त्व म्हणून मला अजूनही पटत नाही पण मावशींना माझा नमस्कार सांगा.

गंधाली_के

बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे का पण??

अथर्व_२३

मी ह्या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान असेन. यूपीआयला नावं ठेवू नका प्लीज, माझी आज्जी भाजीवाल्याला स्कॅन करूनच पैसे देते आणि सुट्ट्यांसाठी होणारी कटकट संपली म्हणते. पण आवाजाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. बायपास होऊन आजोबा घरी आले त्याच्या पाचव्या दिवशी मिरवणूक. घरासमोर डीजेचा ट्रक पाऊण तास उभा होता, कपाटातली भांडी वाजत होती, आजोबा छातीवर उशी धरून बसलेले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण तेव्हा आठच वाजले होते, मग काय करणार. मी खाली जाऊन हात जोडले. एक जण म्हणाला तुला गणपती नको का. मला गणपती हवाय हो. आमच्या घरी दीड दिवसाचा बसतो, आजोबा अथर्वशीर्ष म्हणतात.

जुना_वाडा

अथर्व, आजोबा आता कसे आहेत?

अथर्व_२३

बरे आहेत काका, रोज दोन किलोमीटर चालतात.

बडोद्याची_लेक

किती दिवसांनी इतकं मनापासूनचं वाचतेय. आमच्याकडे मागच्या महिन्यात सगळी भावंडं जमली, हॉटेलात गेलो तर मेनूकार्डच नाही, टेबलावर चौकोन चिकटवलेला, तो स्कॅन करा म्हणे. ऐंशी वर्षांचे बाबा. वाढप्याला विचारायचं होतं की आज भाजी कुठली चांगली झालीय, तो म्हणाला सगळं लिंकवर आहे. मग अकराच्या अकरा माणसं माना खाली घालून फोनमध्ये, दोन वर्षांनी भेटलेली भावंडं. बाबा म्हणाले मला नुसता दहीभात सांगा. घरी येऊन मी पिठलं टाकलं रात्री साडेदहाला आणि मग दोन वाजेपर्यंत गप्पा झाल्या

अनु_डोंबिवली

पिठल्याला ताक घालता का तुम्ही बडोद्याला

बडोद्याची_लेक

नाही गं, माहेरचं नगरचंच करते, लसूण आणि हिरवी मिरची, वरून कच्चं तेल

मिलिंद_नाशिक

भर रस्त्यात रात्री बारा वाजता तलवारीने केक कापणं. बास. भवानीमातेच्या देशात तलवार केकला लावतात हे बघून मला झोप लागत नाही. आमच्याकडे तलवार दसऱ्याला निघते, तिला हळदकुंकू लागतं.

वकीलसाहेब_निवृत्त

शस्त्र कायद्याखाली अशा वाढदिवसांवर गुन्हे दाखल होतात. पुढच्या वेळी व्हिडिओसकट तक्रार द्या, मागे लागावं लागेल पण द्या.

जुना_वाडा

गंधालीताई, आईबद्दल विचारलंत. रोज पाच किलो उडदाचे पापड, पहाटे चारला उठून. पापडाच्या पैशांतून दर महिन्याला एक रुपया वेगळा काढून पक्षाच्या वर्गणीसाठी चिवड्याच्या डब्यात टाकायची, दादा सुटून आले की द्यायचा म्हणून. एरवी राजकारणाबद्दल एक शब्द बोलली नाही कधी. दादा सुटले तोवर जनसंघ जनता पक्षात विलीन होत होता, वर्गणी घ्यायला कोणी आलंच नाही. आत्ता डबा परत उघडून पाहिला. बिल्ल्याखाली वर्तमानपत्राचा कागद होता, त्याखाली नाणी आहेत. एकोणीस.

स्वरालीची_आई

काका 🙏 ती पण घासू नका.