लोभाला 'मूर्तिपूजा' म्हणावं का?

अनुवादिनी: चर्चच्या वार्षिक अंकासाठी एका प्रवचनाचा अनुवाद करतेय. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (3:5) प्रेषित पौल लोभाला मूर्तिपूजा म्हणतो. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी त्यावर पेन्सिलीने काट मारून समासात लिहिलं, 'लोभात मूर्ती कुठे आली? खोटी भक्ती करा.' मला ते पटत नाही. पण मूळ ग्रीक शब्दातल्या 'एइदोलोन'ला प्रतिमा, तसंच भास, छाया असेही अर्थ आहेत. आपली 'मूर्ती' मात्र मूर्त, म्हणजे नेमकी उलटी. काय ठेवू?

सदाशिवपेठी: काकांचं बरोबर आहे, पण कारण वेगळं. मूर्तिपूजा हा आमच्या घरातला चांगला शब्द आहे, तो पापाच्या यादीत वाचला की लागतं. आम्ही दगड पुजत नाही. सुपारीवर गणपतीचं आवाहन करतो, पूजा होते, अक्षता वाहून सुपारी हलवली की विसर्जन झालं. आणि पाषाणाचा देव बोलत नाही, हे नामदेवांनीही सांगितलंय. त्यासाठी बायबल कशाला?

केडगावची नात: दादा, 115व्या स्तोत्रातही तेच आहे, तोंड आहे पण बोलत नाहीत. तुमच्या भावना समजतात. पण मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलाय, तो आता आमचाही आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते बायाबापड्यांना कळावं म्हणून. 'खोटी भक्ती' म्हटलं की वाचणाऱ्याला ढोंग वाटेल, आणि इथे ढोंगाचा प्रश्नच नाही. लोभी माणूस पैशाची अगदी खरी भक्ती करतो!

शिवाय बायबलमध्ये दोन गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र कालवतो. परक्या देवाला भजणं ही एक. खऱ्या देवाला आपल्या सोयीच्या रूपात बसवणं ही दुसरी. इस्राएल लोकांना पुजायला सोन्याचं वासरू घडवल्यावर त्यांचा नेता मोशे याचा भाऊ अहरोन काय दवंडी पिटतो? उद्या परमेश्वराचा सण! (निर्गम 32:5) म्हणजे नाव त्याचंच, रूप मात्र यांनी ठरवलेलं. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी सापसुद्धा लोक धूप जाळायला लागल्यावर हिज्कीया राजाने फोडून टाकला (2 राजे 18:4). वस्तू तीच, माणसं बदलली. म्हणून मला 'मूर्ती'पेक्षा 'पूजा' हा भाग जड वाटतो.

सदाशिवपेठी: मग 'अन्यदेवभक्ती' म्हणा. शुद्ध आणि नेमकं.

केडगावची नात: वासरू अन्य देवाचं नव्हतंच, हेच तर सांगतेय. आणि असला शब्द रविवारी व्यासपीठावरून कोण उच्चारणार?

रास्तापेठकर: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. एक भर घालतो. बायबलमधले संदेष्टे परक्या देवाला भजण्याच्या पापाला सरळ व्यभिचार म्हणतात, त्यामागे शब्दही आहे. 'बआल' हे कनानी लोकांच्या देवाचं नाव, पण हिब्रूत त्याचा अर्थ मालक आणि नवराही. मराठीतला 'धनी' अगदी तसाच, शेताचा धनी आणि घरधनी. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात (2:16) देव इस्राएलला म्हणतो, मला 'माझा नवरा' म्हण, 'माझा बआल' यापुढे म्हणू नकोस. माझी आत्या नवऱ्याला 'धनी' म्हणायची, तेव्हापासून हे वचन माझ्या डोक्यात बसलंय. अनुवादात 'धनी' आला तर मराठी वाचकाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

अनुवादिनी: सुंदर! पण माझ्या वाक्यात लोभ आहे, बआल नाही. अंक छापायला जायचाय.

सदाशिवपेठी: रास्तापेठकर, मूर्ती नसलेल्या जागेला तुम्ही देऊळ कसं म्हणता? पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे 1867चं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ.

रास्तापेठकर: ते नाव पुणेकरांनी दिलं, पाटीवर 'ओहेल डेव्हिड' आहे. आमची जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद' म्हणायची. मुंबईत 1796 साली बांधलेलं आमचं पहिलं सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जातं.

केडगावची नात: मग मस्जिद बंदर स्टेशनचं नावही त्यावरूनच का?

रास्तापेठकर: आमच्यात तसंच सांगतात.

सदाशिवपेठी: हे मी प्रथमच ऐकतोय. देऊळ म्हणजे देवकुल, त्यात मूर्ती असलीच पाहिजे असं शब्दात कुठेच नाही. यावर वेगळा धागा काढा, मशीद आणि देऊळ दोन्ही घेऊ.