रेशनसाठी दिलेला अंगठ्याचा ठसा आणखी कोठे वापरला जाऊ शकतो?

प्रश्न
शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी आमच्या घरातील प्रत्येकाला रेशन दुकानातील ई-पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो. आयुष्यभराच्या शेतकामाने आईची बोटे इतकी झिजली आहेत की तिचा अंगठा अनेकदा लागतच नाही. तिच्या धान्याची काळजी आहेच. पण अन्नासाठी घेतलेले हे ठसे उद्या पोलिसांना मिळू शकतात का, आणि नकार दिल्यास धान्य बंद होण्याची भीती असेल तर त्या संमतीला अर्थ काय, हे मला समजून घ्यायचे आहे. आधारमधील बायोमेट्रिक माहिती (ठसे, बुबुळे) लॉक करून ठेवावी का?

उत्तर १
एम-आधार ॲपमधून लॉक करता येते आणि अवश्य करावे. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांच्या प्रतिकृती बनवून आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढले गेले आहेत. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. त्या वेळेपुरते ते उघडावे लागेल.

उत्तर २
लॉक केल्याने चोराला अडवता येते, सरकारला नाही. आणि प्रश्न सरकारविषयीचा आहे. गोव्यातील एका गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी सीबीआयने तेथील सर्व आधारधारकांची बायोमेट्रिक माहिती मागितली होती. आधार प्राधिकरणानेच त्याला विरोध केला आणि २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय अशी माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता, तरीही एका गुन्हेगाराच्या शोधासाठी संपूर्ण राज्याला संशयितांच्या रांगेत उभे करणे मला अन्यायाचेच वाटते. पुढे २०१६ च्या आधार कायद्यातील कलम २९ ने बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा कोणत्याही कारणासाठी कोणालाही देण्यास मनाई केली.

संमतीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले. तरी पुढच्याच वर्षी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती वैध ठरवली. विरोधी निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा होता. मला तोच अधिक पटतो, कारण ज्याच्या घरात दुसरे धान्य नाही, त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक उरत नाही.

उत्तर ३
कलम २९ आधारपुरतेच आहे, हे लक्षात ठेवावे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार अटक झालेल्या व्यक्तीचे ठसे, बुबुळे आणि अन्य मापे पोलीस घेऊ शकतात आणि ती नोंद ७५ वर्षे ठेवता येते. निर्दोष सुटल्यावर ती पुसण्याची तरतूद आहे, पण तेथेही कारणे नोंदवून अपवाद करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. माझी खरी चिंता या साठ्याविषयी आहे.

उत्तर २ (पुन्हा)
आपला मुद्दा मान्य आहे. प्रश्नकर्त्यांनी तूर्त आईचा अंगठा लागत नसल्याचा लेखी अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्यावा, धान्यासाठी पर्यायी ओळखपद्धत मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही, तर अन्नसुरक्षा कायद्याखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.