स्विफ्ट डिझेलचा दम वाढवायचाय: रीमॅप, क्लच, की इंजिनच बदलू?

होटगी_रोडकर
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय, २०१४ चं मॉडेल, एक लाख अठरा हजार किलोमीटर, एमएच-१३. वडिलांनी वापरली, आता माझ्याकडे आहे. सासर बार्शीला, त्यामुळे दर आठ-पंधरा दिवसांनी वैराग मार्गे फेरी ठरलेली. दुभाजक नसलेला अरुंद रस्ता, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की दर दोन किलोमीटरला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. समोर मोकळं दिसतं, पाय दाबतो, आणि गाडी विचार करत बसते. दोन हजार आरपीएम होईपर्यंत काही नाही, मग एकदम ढकलते. तोवर समोरून एसटी आलेली असते. तुळजापूरचा घाट चार माणसं बसवून तिसऱ्यात चढवायचा म्हटलं तरी रडते.

बजेट साठ-सत्तर हजार. डोक्यात तीन पर्याय आहेत:
रीमॅप (इंजिनच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून जोर वाढवणं) किंवा तो ट्यूनिंग बॉक्स.
अर्टिगा किंवा सियाझचं ९० पीएस ताकदीचं इंजिन भंगारातून आणून बसवायचं.
गिअरबॉक्समध्ये काही करता आलं तर, म्हणजे फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअर जोडी) किंवा एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरन्शियल).
कुणी केलंय का? सोलापुरात होतं का, की पुण्यालाच जावं लागतं?

शेंगाचटणी_१३
काय करलालास बे, सासरी जायची एवढी काय घाई. ट्रॉलीमागं निवांत चल, खिडकीतून हात घालून ऊस ओढ, खात जा.

जुना_फिटर
चटणीचा सल्ला सगळ्यात स्वस्त आहे.

होटगीरोडकर, तुमच्या इंजिनचे आकडे आधी समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. १२४८ सीसी, मूळ फियाटचं मल्टिजेट. ७५ पीएस ४००० आरपीएमला आणि १९० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २००० ला. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७०२३ ने भागा, पीएस मिळतात. २००० ला येतात ५४ च्या आसपास. उलटं करून बघा, ४००० ला टॉर्क उरतो १३२. म्हणजे तुमचं सगळं काम दोन ते साडेतीन हजारांत आहे. पाचव्या गिअरात साठ-सत्तरला ट्रॉलीमागे चाललात तर आरपीएम दोन हजारांच्या खाली असतो, तिथे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा, फिरतच नाही नीट. मग पाय कितीही दाबा. बाजूला निघायच्या *आधी* तिसरा टाका, बाहेर आल्यावर नव्हे. याला शून्य रुपये लागतात. निम्मे लोक इथेच चुकतात.

आता दुसरी गोष्ट. ७५ पीएस ही कंपनीतून निघालेल्या गाडीची गोष्ट. लाखाच्या वर गेलेल्या गाडीत तेवढे उरलेत कशावरून? तुम्ही लिहिलंय की घाटात तिसऱ्यात रडते. चार माणसं असली तरी चांगली स्विफ्ट तुळजापूरचा घाट तिसऱ्यात रडत चढत नाही. रीमॅपचा विषय नंतर. आधी ही यादी करून घ्या:

टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इनटेकपर्यंतच्या नळ्या. त्या रबरी असतात, आतून तेलाने फुगतात, क्लॅम्पखाली चिरतात. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. त्याने मोजली तेवढी हवा इंजिनपर्यंत पोचली नाही तरी संगणक डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने टाकतो. परिणाम काळा धूर आणि मेलेली उचल.

ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग). एवढ्या किलोमीटरला काजळीने रस्ता निम्मा होतो.

इंजेक्टरची परतीच्या डिझेलची तपासणी. चारी बाटल्यांत सारखं भरलं पाहिजे. एखादी लवकर भरली की तो इंजेक्टर गेला.

स्कॅनर लावून, *गाडी चालवत*, संगणकाने मागितलेलं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळणारं बूस्ट. उभ्या गाडीत रेस देऊन काही कळत नाही.

तेलकट स्पोर्ट्स एअर फिल्टर लावायच्या नादी लागू नका. आपल्याकडच्या धुळीत साधा कागदी फिल्टर वेळेवर बदलणं बरं. त्या तेलाचा थर हवेच्या सेन्सरवर बसला की नवा खर्च.

काळा_धूर
मी केलंय, म्हणून लिहितो. माझीही हीच गाडी, २०१२ ची. पुण्यातल्या एकाकडून (नाव घेत नाही) ट्यूनिंग बॉक्स घेतला. दहा मिनिटांत बसला, पहिल्या दिवशी विमान वाटलं.

तो बॉक्स काय करतो हे मला नंतर कळलं. कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरची वायर मध्ये तोडून संगणकाला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे. संगणक बिचारा वाढवतो, डिझेल जास्त पडतं. हवा मात्र तेवढीच. मोहोळच्या पुढे आरशात बघितलं तर मागचा दुचाकीवाला दिसत नव्हता, नुसता धूर. आणि जास्तीचं डिझेल म्हणजे एक्झॉस्टचं तापमान वर. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात हे विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस असतं, इंटरकूलर तरी कशाने थंड करणार?

पण माझं इंजिन नाही गेलं, क्लच गेला. चौथ्यात पाय दाबला, आरपीएमचा काटा सरसर वर आणि वेगाचा काटा जागच्या जागी. मग तो वास. एकदा नाकात गेला की विसरत नाही. टेंभुर्णीला रात्री दहा वाजता गाडी टो केली.

बॉक्स काढला. नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला, फ्लायव्हील घासून घेतलं. मग सहा महिन्यांनी नीट रीमॅप केला, तोही सौम्य. आता साधारण ९० पीएस आणि २२० एनएमच्या आसपास असावेत. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवलेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. खरा फरक आकड्यात नाही, सतराशेपासूनच ओढायला लागते, त्यात आहे.

होटगी_रोडकर
दोघांचेही आभार. फिटरकाका, तिसऱ्या गिअरचं आजच करून बघितलं, फरक आहे. पण ९० पीएसच्या इंजिनचं सांगा ना. ब्लॉक तोच आहे म्हणतात. एकाने ४५ हजारांत आणून देतो म्हटलंय.

जुना_फिटर
ब्लॉक तोच, बाकी सगळं वेगळं. तुमचा टर्बो साधा. अर्टिगाचा व्हीजीटी, म्हणजे टर्बाइनभोवतीच्या पात्या फिरतात. आरपीएम कमी असताना धुराची वाट अरुंद करतात, म्हणून पंखा लवकर जोर धरतो. तिथे २०० एनएम १७५० लाच मिळतात ते त्यामुळे. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की धार लांब जाते, तसं. पण त्या पात्या हलवायला व्हॅक्यूम, व्हॅक्यूमला सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), सोलेनॉइडला वायरिंग, वायरिंगला दुसरा ईसीयू (इंजिनचा संगणक), आणि ईसीयूला तुमच्या किल्लीची ओळख. ४५ हजारांत इंजिन येईल, गाडी चालू होऊन घरी येईपर्यंत दुप्पट. शिवाय भंगारातलं इंजिन कुठल्या अपघातातून आलं, तेलाविना किती फिरलं, देव जाणे. मी अशी दोन कामं बघितली. एक अजून शेडमध्ये उभं आहे.

एलएसडी वगैरे ट्रॅकवाल्यांचे खेळ. वैरागच्या रस्त्यावर घसरत्या चाकाचा टॉर्क पकड असलेल्या चाकाला देऊन काय मिळवणार? फायनल ड्राइव्ह आखूड केला तर उचल वाढेल, पण पुणे रोडला शंभरला इंजिन बोंबलेल आणि ॲव्हरेज जाईल. सोडा.

कागदपत्रवाला
इंजिन बदलायचंच असेल तर आरटीओची परवानगी *आधी* घ्यावी लागते, इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीत लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा फेरफार चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पोलीस पकडेल न पकडेल. मला भीती विम्याची वाटते. ओळखीच्या एकाचा क्लेम अडकला, सर्व्हेअरने बॉनेट उघडल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला. रीमॅप करणार असाल तरी विमा कंपनीला लेखी कळवा, उत्तर काय येतं ते बघा आणि मगच हात घाला. आणि ईजीआर बंद करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, साफ करणारा शोधा.

वैरागवाला
माझा रोजचा रस्ता आहे तो. जोरात पळायची गाडी सगळेच बनवतात, थांबायचं कुणी विचारत नाही. ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, सात वाजता अंधारात अचानक उसाची भिंतच समोर येते. मी तुमच्या जागी असतो तर पहिले आठ-दहा हजार चांगले ब्रेक पॅड, नवं डॉट-४ ब्रेक ऑइल आणि मागचे ड्रम साफ करण्यात घातले असते. हेडलाइटची काचही पॉलिश करून घ्या, २०१४ ची म्हणजे पिवळी पडली असणार.

शेंगाचटणी_१३
हे मात्र खरं बोललास बे.

होटगी_रोडकर
तीन आठवड्यांनी परत आलोय. अशोक चौकाकडच्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. फिटरकाकांची यादी मोबाइलवर दाखवली तर हसले, म्हणाले, हे कुणी लिहिलंय ते मला माहिती असल्यासारखं वाटतंय.

स्कॅनर लावून अक्कलकोट रोडला गेलो. मी चालवतोय, ते मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिसऱ्यात पूर्ण पाय दाबला. मागितलेलं २२०० मिलिबार, मिळतंय १७०० च्या आत. एवढं झाल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त "वळव" म्हणाले.

इंटरकूलरकडून वर येणारी नळी. वरून बघितली तर धडधाकट. क्लॅम्प सैल करून वाकवली तेव्हा खालच्या बाजूला चीर उघडली, करंगळीचं टोक जाईल एवढी. भोवती तेलाचा काळा चिकट डाग, त्यावर धूळ बसून जाड थर झालेला. इंजिन शांत असताना चीर मिटलेली, बूस्ट आलं की तोंड उघडायची. म्हणून उभ्या गाडीत कुणाला सापडली नव्हती. गेल्या वर्षी एका ठिकाणी याच तक्रारीवर इंजेक्टर साफ करायचे म्हणून सहा हजार घेतले होते, ते आठवून रात्री झोप नाही लागली.

मॅनिफोल्डही काढला. आत चुलीच्या धुराड्यासारखं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर ढेकळं निघाली. इंजेक्टर चारी ठीक, चारी बाटल्या सारख्या. नळी, साफसफाई, ऑइल, फिल्टर, ब्रेकचं सगळं काम धरून साडेसतरा हजार झाले.

परवा तुळजापूरला गेलो. चार माणसं, तिसरा गिअर, घाट. बायको म्हणाली, एसी बंद करायचा राहिला वाटतं. मुद्दाम चालू ठेवला होता.

रीमॅपचं सध्या थांबवलंय. क्लच अजून मूळचाच आहे, तो जाईल तेव्हा दोन्ही एकदम करू असं मिस्त्रीही म्हणाले. विमावाल्यांना मेल टाकलाय, उत्तर नाही.

आता टायर. १६५/८० आर १४ आहेत, गुळगुळीत झालेत. त्याच रिमवर १८५/७० बसतात म्हणे. स्पीडोमीटर चुकणार नाही ना?

काळा_धूर
नाही. जुन्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, १८५/७० चा ६१४.६. एक टक्काही फरक नाही. स्टिअरिंग उभ्या गाडीत किंचित जड लागेल, ॲव्हरेज थोडं घटेल, ओल्या रस्त्यावर मात्र ब्रेक मारल्यावर फरक कळतो. मी तेच वापरतो. आकार बदलतोय हेही त्याच मेलमध्ये लिहून टाका.

जुना_फिटर
त्या मिस्त्रींना म्हणावं, ओळखलंत ते बरोबर आहे. आणि जुनी नळी टाकून देऊ नका, मला पाहिजे. गिऱ्हाइकांना दाखवायला.