कार्ड परत येतं, हवा मारली की चालतं. लेड-फ्री सोल्डरचा दोष का?

सातपूर_कार्डवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत माझं लहान युनिट आहे, शेतीपंपाच्या स्टार्टरची कंट्रोल कार्डं बनवतो. 2021 पर्यंत सगळं काम 63-37 सोल्डरवर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) चाललं. मग एका गिऱ्हाइकाला युरोपात माल पाठवायचा होता. त्याच्यासाठी सोल्डर एसएसी305, म्हणजे बिनशिशाचं (लेड-फ्री), केलं आणि पार्टही सगळे लेड-फ्री घेतले.

तेव्हापासून त्रास आहे. 63-37 हे 183 अंशाला वितळायचं, याला 217 च्या पुढे जावं लागतं. पोरांनी सोल्डरिंग स्टेशनचं तापमान वाढवलं तर रिलेखालचे पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके) उखडायला लागले. सहा महिने जाणारी बिट (सोल्डर मारायचं तापतं टोक) दोन महिन्यांत खड्डा पडून फेकावी लागते. जॉइंट मळकट दिसतो, पोरं ड्राय, म्हणजे नीट न धरलेला, समजून पुन्हा सोल्डर मारतात, आणि चांगला जॉइंट बिघडतो. एवढं सगळं निभावून नेलं.

आता जे चाललंय ते समजत नाही. तीन वर्षं शेतात नीट चाललेली अकरा कार्डं परत आलीत. विहीर कोरडी पडली तरी कार्ड ‘पाणी आहे’ असंच धरतं आणि मोटर चालूच राहते. टेबलावर घेऊन ब्लोअर मारला की कार्ड ठणठणीत! काल निफाडचे एक बाबा स्वतः कार्ड घेऊन आले. मोटरचं वाइंडिंग जळालं, ऐन द्राक्षाच्या हंगामात. त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटली. सोल्डर परत 63-37 करू का?

भोसरी_बेंच:
आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन) बघा. लेड-फ्रीला जोरकस फ्लक्स वापरतात, तो बोर्डावर राहिला आणि वर दमट हवा लागली की लीकेज होतं, नको तिथून करंट झिरपतो. पाणी ओळखणाऱ्या प्रोबच्या इनपुटला तेवढंही पुरतं. एक कार्ड आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) ब्रशनं धुऊन पाहा.

जुना_टेस्टवाला:
दादा, उरलेल्या कार्डांना हवा मारू नका आणि ब्रशही लावू नका. भोसरीचे मित्र म्हणतात तेही होतं, पण फ्लक्सचं लीकेज हवेच्या एका फुंकरीनं जात नाही. तुमचं गेलं, म्हणजे तिथून काहीतरी उडालं.

मी सत्तावीस वर्षं टेस्टला काढली. माझा संशय टिन व्हिस्करवर आहे. शुद्ध कथलाच्या प्लेटिंगमधून बारीक केस उगवतात. जाडी काही मायक्रॉन, आपल्या डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, पण लांबी काही मिलिमीटरपर्यंत जाते. वीज त्यातून छान वाहते. जास्त करंटच्या जागी केस जळून तुटतो आणि कळतही नाही. प्रोबच्या इनपुटला करंट नावापुरताच असतो, म्हणून तिथं तो जळत नाही, शॉर्ट करून बसतो. 2005 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिलस्टोन अणुवीज केंद्राचं एक युनिट अशाच एका केसानं बंद पाडलं. वाफेचा दाब पडल्याचा खोटा सिग्नल गेला होता. तुमचा खोटा सिग्नल पाण्याचा.

पूर्वी प्लेटिंगमध्ये थोडं शिसं असायचं, तीन टक्केसुद्धा पुरत, त्यानं हे केस दबून राहायचे. युरोपात 1 जुलै 2006 पासून शिसं निघालं आणि बरेच पार्ट निव्वळ कथलाचे झाले. म्हणून सोल्डर बदलून काही होणार नाही. सोल्डर पिनच्या बुडाशी लागतं, वरची उघडी पिन कथलाचीच राहते.

टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा. खोलीतला दिवा घालवा. लूपमधून (भिंगातून) पिना बघा आणि बघताना कार्ड हळूहळू फिरवत राहा. सरळ उजेडात दिसत नाही. प्रोबची वायर येते तो कनेक्टर कसला आहे?

सातपूर_कार्डवाला:
काका, दिसला!

हवा न मारलेली चार कार्डं शिल्लक होती. तीन बघून झाली, काहीच नाही. चौथ्यात कार्ड तिरपं केल्यावर 2.54 मिमी अंतराच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये कोळ्याच्या धाग्यासारखं काहीतरी चमकून गेलं. श्वास रोखून मीटर लावलं, शॉर्ट. मग केस सुईच्या टोकानं हलवला, शॉर्ट गेला. बायकोला बोलावून दाखवलं, तिला लूपमध्ये पटकन दिसला. शेजारच्या पिनेवरही आखूड असे पाच-सहा आहेत.

कनेक्टर स्वस्तातला, पितळेच्या पिना, वर चकचकीत कथील. 2021 मध्येच बदललेला.

जुना_टेस्टवाला:
पितळेवर थेट चकचकीत कथील म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा कथील वितळवून पुसतात, त्यात फार ताण राहत नाही. इथं विजेनं चढवतात, ताण आत राहतो. शिवाय खालच्या धातूशी कथलाची क्रिया होत राहते, थर दाबला जातो आणि दाब केसाच्या रूपानं बाहेर येतो. मध्ये निकेलचा थर असला की ही क्रिया अडते.

निकेलवर मॅट टिन (बिनचकाकीचं कथील) असलेला कनेक्टर घ्या, आणि पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. प्रोबच्या जागी शक्य तर सोन्याचा मुलामा घ्या, चारच पिना आहेत. कार्डावर कोटिंग मारा, पण नुसत्या कोटिंगवर विसंबू नका, पातळ असलं तर केस ते भेदून येतो. आणि प्रोबच्या दोन पिनांमध्ये एक पिन रिकामी सोडा, अंतर वाढेल.

हवा मारून परत पाठवलेली कार्डं आहेत का? उडालेला केस त्याच डब्यात दुसरीकडे पडलेला असू शकतो.

सातपूर_कार्डवाला:
सात पाठवलीत. पत्ते आहेत माझ्याकडे. सोमवारी निफाडपासून सुरुवात करतो, कनेक्टर बदलून देतो. बाबांच्या वाइंडिंगचे पैसेही मीच देणार.