मदत हवी आहे : देस्पिच यांची ॲल्युमिनियम-हवा बॅटरी

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना अलेक्सांदर देस्पिच (1927–2005) यांच्याविषयी सांगायचंय. बेलग्रेड विद्यापीठात विद्युतरसायनाचे प्राध्यापक, 1994 ते 1998 सर्बियाच्या विज्ञान व कला अकादमीचे अध्यक्ष. पण पदांची यादी ऐकून मुलं जांभया देणार! म्हणून त्यांचं ॲल्युमिनियम-हवा बॅटरीचं (ॲल्युमिनियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून वीज देणारी बॅटरी) काम दाखवायचंय. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा या अभिक्रियेच्या आड येतो. त्यांच्या गटाने ॲल्युमिनियममध्ये गॅलियम, इंडियम हे धातू किंचित मिसळून मिठाच्या पाण्यातही ॲल्युमिनियम विरघळतं केलं. माझ्याकडे मात्र पोळ्या गुंडाळायची फॉइल आणि कोळशाची भुकटी. मिठाच्या पाण्याच्या तीन वाट्या एकापुढे एक जोडल्या की एलईडी मिणमिणतो, दहा मिनिटांत विझतो. फॉइलवर पांढरा बुळबुळीत थर. मीठ वाढवू, की कोळसा आणखी दाबून भरू? कुणी करून पाहिलंय का? शनिवारी तास आहे.