मदत हवी आहे: मुक्काम वरच्या तळ्याकाठी करावा की खाली?

नमस्कार मंडळी,

शनिवार-रविवार जोडून आम्ही मित्रमैत्रिणी डोंगरातल्या तळ्यांच्या वाटेने निघतोय. शेवटचं तळं साधारण 3,500 मीटरवर आहे. पहाटे वारा पडलेला असताना समोरचं बर्फाळ शिखर पाण्यात जसंच्या तसं उतरतं, ते सगळ्यांना बघायचंय. म्हणून रात्र तिथेच काढू, असा बहुतेकांचा हट्ट.

माझा जीव होत नाही. 2,500 मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि 3,000 च्या वर झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात. दोन दिवसांत हे बसणार कसं? एक मैत्रीण तर इतक्या उंचीवर पहिल्यांदाच येतेय. तिचं डोकं दुखायला लागलं की सगळेच खाली उतरणार, एवढं पक्कं आहे.

मला वाटतं, मुक्काम खालच्या तळ्यापाशी करावा, पहाटे बॅटरीच्या उजेडात वर चढावं आणि दुपारी ढग जमायच्या आत उतरावं. असं कोणी केलंय का? अंधारात वाट चुकायची भीती कितपत?

शिवाय दोघांना बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात उडी मारायचीय. एकदम गार पाण्यात श्वास अडखळतो, हे त्यांना कसं पटवू?