लॅपटॉपची पिन तापते म्हणून थेट चार्जर बदलायला सांगणं चूक आहे

सातरस्ताकर:
भावाच्या लॅपटॉपला चार्जर लावला की पिन एवढी तापायलीय की बोट टेकवत नाही. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात दाखवलं तर न उघडता, न बघता "चार्जर गेलाय, नवा घ्या". हे मला अजिबात पटत नाही. चार्जरचा डबा गरम होतो ते ठीक, पण फक्त पिनच तापायली म्हणजे तिथं कॉन्टॅक्ट ढिला आहे. ६५ वॅटच्या चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं छापलेलं असतं, आता त्या ढिल्या जागी अर्धा ओहम रेझिस्टन्स (करंटला अडथळा) धरा, ३.३४ × ३.३४ × ०.५ म्हणजे साडेपाच वॅट उष्णता तेवढ्याशा पिनमध्ये. जॅक, म्हणजे लॅपटॉपमधलं पिन घालायचं भोक, खराब असेल तर नवीन चार्जरची पिनपण जळणार, पैसे गेले ते गेलेच.

पूर्वभाग:
दुकानदार दरवेळी चुकीचंच सांगतो असं नाही हो. पिनच्या आतली पत्ती सैल होते, पिनच्या मानेजवळ वायरच्या तारा तुटतात, हे चार्जरचंच की. आणि लोक ४५ वॅटचा स्वस्तातला चार्जर लावतात ते?

सातरस्ताकर:
मानेजवळची वायर मान्य. पण कमी वॅटच्या चार्जरनं डबा तापेल, पिनमधून करंट काय जास्त जात नाही.

बाळीवेस:
मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री, वर पत्रा, सगळंच तापतं. उगाच घाबरवायलेत लोकांना.

पूर्वभाग:
उन्हानं तापलं तर सगळं सारखं तापेल ना, एकटी पिन कशी तापेल? इथं मी सातरस्ताकरांच्या बाजूनं. जळका वास आला किंवा प्लॅस्टिक मऊ पडलं तर चार्जर लगेच बंद करा, उन्हावर ढकलू नका.

रिपेअरवाला_अशोकचौक:
भांडण्यापेक्षा अदलाबदल करून बघा. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, तशाच पिनचा दुसरा चार्जर लावा, तरी तापलं तर जॅक. तुमचा चार्जर तशाच दुसऱ्या लॅपटॉपवर तापला तर चार्जर. त्याआधी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, जॅकमध्ये सुक्या मऊ ब्रशनं साफ करा, लूमजवळच्या (यंत्रमागाजवळच्या) घरातून आलेल्या लॅपटॉपमध्ये सुताची तूस हमखास निघते. बऱ्याच मॉडेलला जॅक वायरवर असतो, काढून बदलता येतो, काहींना बोर्डावर सोल्डर असतो, ते घरी करू नका. मात्र पिन काळी पडली असेल तर जॅक आणि चार्जर दोन्ही बदला, सातरस्ताकर, इथं तुमचं मत मला पटत नाही, जळकी पिन नव्या जॅकलापण खाते.

सातरस्ताकर:
पिन बघितली, आतून काळी आहे. म्हणजे चार्जरपण घ्यावा लागणार, पण जॅक उघडून बघितल्याशिवाय नाही, हे मी दुकानात सांगणारच.